तू त्या बाळाला हात लावला नाहीस

शमीम,

मी ब्रह्मपुरीला पोचले तेव्हा माणसं तुला माती देऊन परतली होती. एटापल्लीहून निघालेली बस आलापल्लीत बराच वेळ थांबून राहिली, गडचिरोलीत दुसरी धरावी लागली, आणि आरमोरी सोडून वैनगंगेच्या पुलावर आलो तेव्हा नसीमचा फोन आला. तुझी धाकटी बहीण, पण त्या दिवशी तिचा आवाज तुमच्या अम्मीच्या आवाजाइतका म्हातारा वाटला. म्हणाली, "दीदी, आता घाई नका करू. सावकाश या." मला काय ते कळलं. मी खिडकीतून नदी बघत बसले. शेजारची बाई धानाच्या भावाबद्दल काहीतरी विचारत होती, तिला मी हो हो म्हणत होते.

तुझ्या दारात चपलांचा ढीग होता. पुरुष बाहेर खुर्च्यांवर बसलेले, बाया आतल्या खोलीत सतरंजीवर बसून हळू आवाजात कुराण पढत होत्या. मला कुठं बसावं कळेना. नसीमनं हात धरून अम्मीजवळ नेऊन बसवलं. अम्मीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि विचारलं, "जेवून आली का?" मी नाही म्हटलं असतं तर ती उठली असती, म्हणून हो म्हटलं.

तुझा चेहरा मला दिसला नाही. ते राहिलंच.

बाया तुझ्याबद्दल बोलत होत्या. किती गुणाची होती, किती शांत होती, कधी कोणाला उलटून बोलली नाही. मी खाली मान घालून ऐकत होते. शांत? तू? तुझ्याशी भांडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि आता सतरंजीवर बसलेल्या या सगळ्या बायांमध्ये ते सांगायची सोय नव्हती.

चंद्रपूरच्या नर्सिंगच्या वसतिगृहात आपल्याला एक खोली मिळाली ती आपण मागितली म्हणून नाही. दोघी उशिरा पोचलो होतो, उरलेली खोली वाट्याला आली. मी कोरपना तालुक्यातल्या कापसाच्या घरची, तुझे अब्बा कापूस पिंजून गाद्या भरणारे. हे कळल्यावर तू तुझी वळकटी खाली टाकत म्हणालीस, "मंजे तुह्या बापाच्या कापसावर आमी झोपतो. मंग खिडकीजवळची खाट तू घे." खाट मी घेतली. आणि त्याच आठवड्यात टेबलफॅनचं तोंड कोणाकडे, यावरून आपलं पहिलं भांडण झालं. चंद्रपूरचा मे महिना. आपण चादरी ओल्या करून अंगावर घ्यायचो, त्या वाळायच्या आणि आपण परत उठून ओल्या करायचो. ईदला तू घरून स्टीलच्या डब्यात शीरखुर्मा आणायचीस आणि माझ्यासमोर ठेवून म्हणायचीस, "पूरा खाय. मले घरी भेटला." खोटं होतं ते. तुला घरीही पोटभर मिळालेला नसायचा, एवढी माणसं होती तुमच्या घरात.

पुढे तू नागपूरला नवजात बाळांच्या वॉर्डात गेलीस आणि तिथंच रमलीस. मी नोकरीच्या निमित्तानं गडचिरोलीच्या जंगलात आले, इथंच लग्न झालं, इथंच मुलं झाली. फोनवर बोलायचो. तू एक किलोच्याही आतल्या बाळांबद्दल सांगायचीस, तळहातावर मावणाऱ्या. मी आमच्याकडे काय नाही ते सांगायचे. वीज नाही, रस्ता नाही, डॉक्टर रजेवर. तू ऐकून घ्यायचीस. एक दिवस म्हणालीस, "वंदे, तू नाईचाच पाढा काऊन वाचते? हात तं आहेत ना?"

मला राग आला होता. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात तू खरोखरच आलीस.

नागपूर, वर्धा, चंद्रपूरच्या काही नर्सेस तू गोळा केल्या होत्यास. आपल्या सुट्ट्या टाकून जंगलातल्या आरोग्य केंद्रांवर यायचं आणि तिथल्या नर्सेसना नवजात बाळाची काळजी शिकवायची, एवढंच. गटाला नाव नव्हतं. बॅनर नव्हता, उद्घाटन नव्हतं. आमच्या केंद्रासमोर जीपमधून उतरलीस तेव्हा तुझ्या काखेत एक बाहुली होती. रबराची, आत पाणी भरलेली, खऱ्या बाळाच्या वजनाची. आमच्या बायांनी तिचं नाव बबली ठेवलं. बबली एका पायातून गळायची.

बाकं सरकवून तू सगळ्यांना जमिनीवर बसवलंस. आजूबाजूच्या उपकेंद्रांवरच्या नर्सेस होत्या. काही तुझ्याहून मोठ्या, काही नुकत्याच लागलेल्या. तू म्हणालीस, "बाळ झाल्यावर पहिलं मिनिट त्याचं असते. आपल्या धावपळीचं नाई." मग एकेकीच्या हातात बबली दिलीस. पुसा. पाठ चोळा. रडत नसेल तर सपाट जागी ठेवा, मान किंचित मागे, नाकतोंडावर मास्क, आणि मास्कला जोडलेली हवेची पिशवी हलक्या हातानं दाबा. छाती वर येते का बघा. कोणी मान जास्त वाकवायची, कोणाच्या मास्कमधून हवा निसटायची. तू चिडली नाहीस. "परत," म्हणायचीस. नुसतं "परत."

तुझ्यातली ती बाई मी आधी पाहिली नव्हती. टेबलफॅनसाठी भांडणारी माझी शमीम, आणि ही. मला फार अभिमान वाटला होता ग. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण दुपारी सोमी आली.

सोमी माडिया बाई होती, पहिलटकरीण. आतल्या गावाहून ट्रॅक्टरमध्ये बसून आली होती. सोबत सासू. मराठी दोघींना येत नव्हती आणि मला त्यांची भाषा मोडकीतोडकी येत होती. बाळंतपण लांबलं नाही. पण बाळ आलं ते लुळं पडलेलं, निळसर, आवाज नाही.

त्या वेळी बाळाच्या सगळ्यात जवळ प्रीती होती. गडचांदूरची पोरगी, बाप सिमेंट कारखान्याच्या दगडखाणीत कामाला, आमच्याकडे लागून फार दिवस झाले नव्हते. तिनं बाळ पुसलं, पाठ चोळली. काही नाही. तिनं तुझ्याकडे पाहिलं. मीही तुझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत तुझ्याइतके तयार हात दुसऱ्या कोणाचे नव्हते, आणि तू ते हात मागे घेतलेस. पाठीमागे एका हातानं दुसरा धरून उभी राहिलीस.

"प्रीती, पिशवी घे."

प्रीतीच्या हातून मास्क बसत नव्हता. हवा फसफस करून बाहेर जात होती.

"उचल. परत ठेव. हनुवटी मास्कात घे."

मी पुढे सरले. तू कोपर आडवं केलंस. माझ्या पोटाला लागलं ते. तुझी नजर बाळावरच होती.

"छाती हलली का?"

"मॅडम, मले दिसून नाई राह्यलं..."

"मले नको विचारू. तू बघ. बाळाकडे बघ."

तेवढा वेळ किती होता मला सांगता येणार नाही. फार नसेल. पण सोमीनं मान वळवून आमच्याकडे पाहिलेलं मला आठवतं, आणि तिच्या डोळ्यांत प्रश्नही नव्हता, ती फक्त थांबली होती. मग प्रीती म्हणाली, "हलली." आणि परत, "हलली मॅडम." थोड्या वेळानं बाळानं एक उचकी दिली, मग आणखी एक, आणि मग मांजराच्या पिल्लासारखं बारीक रडलं. प्रीतीही रडायला लागली. तू तिला म्हणालीस, "रडजो मंग. आदी बाळ आईच्या छातीवर दे."

संध्याकाळी हातपंपावर मी तुला गाठलं. तू हात धूत होतीस. कशाला हात लावला नव्हतास तरी धूत होतीस.

"तुह्या हातानं ते बाळ लवकर रडलं असतं," मी म्हणाले.

"हाव."

"मंग काऊन उभी राह्यली?"

"मी उद्या नागपूरले जाईन. परवा दुसरी सोमी येईन. तिच्या बाळाले कोण?"

"आन् हे मेलं असतं तं?"

तू पंपाचा दांडा सोडलास. "तं मी जिंदगीभर झोपली नसती."

"तुह्या जागरणाचं सोमीनं काय केलं असतं?"

तू ओढणीला हात पुसत आत गेलीस. सकाळी जीप आली तेव्हा सगळ्यांचा निरोप घेतलास, माझ्याकडे बघून "येते" म्हणालीस, मी "हं" म्हणाले. त्यानंतर कितीतरी महिने आपलं फोनवर बोलणं म्हणजे तब्येत बरी आहे का आणि पाऊस झाला का, एवढंच.

तो पाऊसही त्या वर्षी फार झाला. नाल्यावरचा पूल पाण्याखाली गेला. मी बैठकीला एटापल्लीला गेले होते ती तिथंच अडकले. केंद्रावर प्रीती आणि एक मदतनीस बाई. अशात एक जुळ्यांची बाळंतीण आली, आठवा नुकता सरलेली. पुढे नेता येईना, डॉक्टर येऊ शकेना. पाणी उतरल्यावर मी पोचले तेव्हा प्रीती ओसरीच्या पायरीवर बसलेली होती. आत एक बाळ आईच्या छातीला उघड्या अंगानं बांधलेलं होतं. मुलगी. श्वास घेत होती, दूध ओढत होती. दुसरं बाळ कापडात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेलं.

"दोनीले सारखंच केलं मॅडम," प्रीती म्हणाली. "सारखंच केलं. काई कमी नाई केलं."

मी तुला फोन लावला आणि तिच्या हातात दिला. तू तिच्याशी फार वेळ बोललीस. मी लांब उभी होते, तिचं फक्त "हो मॅडम, हो मॅडम" ऐकू येत होतं. बोलणं संपल्यावर तिनं तोंड धुतलं, आत गेली आणि त्या आईजवळ जाऊन बसली. फोन माझ्याकडे आला.

तेव्हा मी तुला सांगायला हवं होतं. त्या दिवशी तू हात मागे घेतले नसतेस तर ती मुलगीही राहिली नसती, हे मला दिसत होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. आणि मी काय बोलले? म्हणाले, "पुढच्या वेळी येशीन तं बबलीचा पाय दुरुस्त करून आण. सारी जमीन ओली होते."

तू हसलीस. म्हणालीस, "आणते."

एक मात्र आजही सांगते, नाहीतर ते खोटं ठरेल. तुझं बरोबर होतं असं मला वाटतं, आणि माझंही चूक नव्हतं असंही वाटतं. सोमीचं बाळ हा धडा नव्हता. ते तिचं बाळ होतं. हे भांडण आपलं अर्धवट राहिलं आहे. तू असतीस तर कदाचित मी हरले असते, पण तू अशी निघून गेलीस म्हणून मी हार मानणार नाही.

मग मलावीचं आलं. त्याआधी तू एकदा नेपाळच्या डोंगरात जाऊन आली होतीस, बाहेरच्या देशांतल्या नर्सेसच्या एका तुकडीबरोबर. परत आल्यावर सांगत होतीस की तिथल्या एका नर्सनं मास्क उलटा धरला तेव्हा तुला वाटलं ही आपल्या एटापल्लीचीच. आता त्याच लोकांनी तुला आफ्रिकेत, मलावीत, जास्त मुक्कामासाठी बोलावलं होतं. आणि तू मला म्हणत होतीस, तूही चल.

आलापल्लीत चहाच्या टपरीवर बसून झालं ते बोलणं. तू गाडीची वाट बघत होतीस.

"मले धड इंग्रजी येत नाई," मी म्हणाले.

"बाळाले कुठी येते?"

"मस्करी नको करू. त्यायले मोठ्या दवाखान्यातली नर्स पाहिजे असन."

"तिथी लाईट जाते. रस्ता बंद होते. बाळाले ऊब द्याचा वॉर्मर आहे तं त्याची तार नाई. हे सगळं मोठ्या दवाखान्यातल्या नर्सले शिकवा लागते. तुले नाई लागत."

मग मी माझा खरा मुद्दा काढला. "आपल्या इथची पोरं अजून मरून राह्यली ना वं? भामरागडकडे आपण धड पोचलो नाई. आपलं सोडून तिकडे कायले?"

तू चहाचा कप खाली ठेवलास. "आपलं मंजे कोणाचं? मी ब्रह्मपुरीची, तू कोरपन्याची. सोमीची भाषा तुले धड येत नव्हती. तरी ती आपली. मंग मलावीची काऊन नाई?"

मी "इचार करते," म्हणाले. गाडी आली, तू धावत जाऊन पकडलीस, खिडकीतून हात काढून ओरडलीस, "लवकर सांगजो!"

मी विचार केला शमीम. नवऱ्याशी बोलले. तो आश्रमशाळेतला मास्तर, त्याला जगाचा नकाशा पाठ. त्यानं भिंतीवरच्या नकाशात मलावी कुठं ते दाखवलं आणि म्हणाला, "जा. मी पाहीन घराचं." मोठ्या मुलीनं तर सगळ्या गल्लीत सांगून टाकलं. मी गडचिरोलीला जाऊन पासपोर्टचे फोटो काढले. त्या फोटोत मी घाबरलेल्या पोरीसारखी दिसते. पण तुला सांगितलं नाही. म्हटलं, समोरासमोर सांगू. फोटो तुझ्या पुढ्यात टाकायचा आणि तू काय म्हणतेस ते बघायचं. मला तुझा तो चेहरा पाहायचा होता.

पावसाळा सरता सरता तू शेवटची आलीस, पण आमच्या केंद्रावर नाही, आणखी आत, नदीपलीकडच्या गावात. प्रीती तुझ्यासोबत होती, आता तीही शिकवू लागली होती. मला यायचं होतं, पण केंद्र सोडता येईना. परतीच्या वाटेवर भेटू असं ठरलं. मग तुम्ही दुसऱ्या रस्त्यानं परस्पर बाहेर पडलात. त्या गावातल्या अंगणवाडीत तुम्ही झोपलात तेव्हा तुझी मच्छरदाणी सामानाच्या तळाशी होती आणि तू ती काढली नाहीस. प्रीतीनं मला हे नंतर सांगितलं. तुला कंटाळा आला होता, बस. कोणाला दिली असतीस, कशासाठी त्याग केला असतास तर मला सांगायला काहीतरी झालं असतं. तसं काही नव्हतं. दमली होतीस, पेटी उघडायचा कंटाळा केलास.

त्यानंतर तुझा फोन आला. नागपूरहून, ड्यूटीवर जाता जाता.

"अंग तापून राह्यलं माहं," तू म्हणालीस.

"रक्त तपासलं?"

"तपासते ना. वॉर्डात दोन सिस्टर रजेवर आहेत. गोळी घेतली."

"शमीम, तू जंगलातून आली आहेस. आदी बोट टोच."

"हाव वं बाई. टोचते." मग लगेच, "इचार केला का? मलावीचा?"

फोटो माझ्या पर्समध्ये होता. मी हसू दाबून म्हणाले, "अजून नाई."

"तुह्याकडून होत नाई मंग," तू म्हणालीस. तुझा आवाज जरा पडला. तापानं पडला की माझ्या उत्तरानं, कोणास ठाऊक. "ठेवते. ड्यूटी आहे."

पुढे आपण बोललो नाही. तू ड्यूटी करत राहिलीस, गोळ्या घेत राहिलीस, आणि वॉर्डातच कोसळलीस. मलेरिया मेंदूत गेला होता. आमच्या इथं तापाचं माणूस दारात आलं की त्याचं बोट टोचल्याशिवाय आम्ही त्याला परत पाठवत नाही. गावातल्या आशाताईच्या पिशवीतही मलेरिया तपासायची किट असते. आणि तू, आयुष्यभर लोकांना 'वेळ घालवू नका' सांगणारी.

ती थट्टा मी सारखी मनात परत करून बघते. "अजून नाई"च्या जागी "येते" म्हणून बघते. त्यानं ताप उतरला नसता, एवढी नर्स मी आहेच. पण 'तुह्याकडून होत नाई' असं म्हणून तू गेली नसतीस.

परवा प्रीतीनं एक सांगितलं. नदीपलीकडच्या त्या गावात तिनं तुला विचारलं होतं, त्या दिवशी हात मागे का घेतले. आणि तू तिला सांगितलंस. नागपूरला तू नवीन होतीस तेव्हा तुझ्या वरची सिस्टर दर वेळी तुझ्या हातातून पिशवी ओढून घ्यायची. चांगली बाई होती, हुशार होती, बाळं वाचवायची. तू फक्त बघत राहायचीस. मग एक दिवस ती नव्हती. तू एकटी होतीस, आणि तुझे हात चाललेच नाहीत. ते बाळ तुझ्यासमोर गेलं.

मला हे ऐकून आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. हातपंपावर हे मला का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं ना तुला, "काऊन?" एवढं भांडलीस माझ्याशी, आणि कारण सांगितलंस कालच्या पोरीला. मी ते ऐकून गप्प बसले असते असं वाटलं का तुला? की माझ्यासमोर ते सांगणं जड गेलं असतं? आपण एका खोलीत वाढलो म्हणून?

मलावीच्या लोकांचाही निरोप आला आहे. तू त्यांना माझं नाव देऊन ठेवलं होतंस, मी हो म्हणण्याआधीच. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं आहे. मी अजून उत्तर लिहिलेलं नाही. तुझ्याबरोबर जायला मी तयार झाले होते. तुझ्या जागी जायला तयार आहे की नाही, ते मला कळत नाही.

आता अम्मीचं सांगते. ते सांगायलाच लिहायला बसले होते.

गर्दी ओसरल्यावर मी परत ब्रह्मपुरीला गेले. दुपार होती. अम्मी अंगणात सुपात लाखोरीची डाळ निवडत बसली होती. नसीम आत स्वयंपाकघरात. मी बसले, डाळीला हात लावला. अम्मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग सूप बाजूला ठेवलं.

"तू नर्स आहेस बेटा. एक इचारते. झूट नको बोलू."

"इचारा."

"वाचली असती का ती?"

नसीम दारात येऊन उभी राहिली होती. अम्मीच्या मागून तिनं मला मान हलवून खुणावलं, नको. आणि मला नर्सेस म्हणून आपण बोलतो ती सगळी वाक्यं आठवली. आम्ही सगळे प्रयत्न केले. वरच्याची मर्जी. तिला त्रास झाला नाही. किती आयांना मी ती सांगितली आहेत, आणि त्यांनी मान डोलावली आहे.

"हाव अम्मी," मी म्हणाले. "ताप आला तेव्हाच रक्त तपासलं असतं तं वाचली असती. औषध आहे त्याचं. तिले माहीत होतं."

नसीमनं डोळे मिटून घेतले. अम्मी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आपण फार मोठी चूक केली.

"सब लोग म्हणतेत अल्लाची मर्जी," ती म्हणाली. "मीबी म्हणते. त्याच्यासमोर काय बोलायचं? मान खाली घालून बसते." तिनं सूप आणखी दूर सारलं. "पण मंग थोडी तिचीबी गलती होती. नाई का?"

"होती."

"मंग मले तिच्यावर राग करता येते."

आणि अम्मी बोलायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं. "लोकायच्या लेकरायले वाचवाले जंगलात गेली, आन् सोताचं एक बोट टोचता नाई आलं तुले? लहानपणी झाडावरून पडली तवाबी हात लपवून बसली होती! शाळेत पाठवलं, शिकवलं, सगळ्या मोहल्ल्याचं ऐकून घेतलं तुह्यासाठी, ते याच्यासाठी?" मी मच्छरदाणीचं सांगितलं. सांगू नये असं वाटत असताना सांगितलं. "तेबी नाई लावली?" अम्मीनं कपाळावर हात मारला आणि त्यावरून आणखी बोलली. नसीम येऊन तिच्या पायाशी बसली, रडत होती, आणि मध्येच म्हणाली, "अम्मी, कूलरमध्ये पानी टाक म्हटलं तं तेबी कधी टाकलं नाई तिनं." मग मीही बोलले. फॅनचं बोलले, हातपंपाचं बोलले, प्रीतीला सांगितलंस आणि मला नाही, ते बोलले. कोणी कोणाला थांबवलं नाही. शेजारची बाई भिंतीवरून डोकावून गेली, तरी थांबलो नाही.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. तू गेल्यापासून त्या घरात सगळे कुजबुजत होते. त्या दुपारी पहिल्यांदा कोणीतरी मोठ्यानं बोलत होतं, आणि ते सगळं तुलाच.